तयार उत्तरांची पाकिटं

२ मार्च, सोमवार
हजरजबाबीपणा जन्मतःच असावा लागतो, हे साफ खोटं. आज दाढी करताना मला एक खणखणीत उत्तर सुचलं. गेल्या बुधवारी दुकानात हातून चष्म्याची काच पडली म्हणून मी टेबलाखाली रांगत होतो, तेव्हा काउंटरवरच्या बाई गिऱ्हाइकासमोर म्हणाल्या, "चष्मा लावून शोधा की, दुकान आपलंच आहे." त्यावर उत्तर : "तुम्हीच लावा!"
पाच दिवस लागले. पण दम आहे.

दुपारी
बाई तेरा तारखेला नोकरी सोडून मुलीकडे राहायला जाणार. अकरा वर्षं त्या पुढे काउंटरवर, मी मागे काचा घासायच्या मशीनवर. त्यांचे टोमणे हजारो, माझी उत्तरं शून्य. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, बाईंना निरुत्तर करायचं. नाहीतर ही चुटपुट जन्मभर राहील.

४ मार्च, बुधवार
पद्धतशीर काम. बाईंचे टोमणे आठवून काढले. एकूण एकेचाळीस. प्रत्येकाचं उत्तर चिठ्ठीवर लिहून, काचा येतात त्या कागदी पाकिटांत भरलं. उशिरा येण्यावरची उत्तरं मायनस नंबरच्या पाकिटांत, टकलावरची प्लसच्या. आता बोला म्हणावं.

५ मार्च, गुरुवार
मुद्दाम वीस मिनिटं उशिरा गेलो. मायनस दोनचं पाकीट खिशात. बाई म्हणाल्या, "आज लवकर? उद्याचं काम आजच उरकायला आलात वाटतं."
हे यादीत नव्हतं. मी हसलो. मालकांनी अर्धी रजा मांडली.

८ मार्च, रविवार
बायकोबरोबर प्रॅक्टिस. तिनं टोमण्याची चिठ्ठी वाचायची, मी ताडकन उत्तर द्यायचं. तिनं वाचली. माझी बोबडी वळली. ती म्हणाली, "अहो, उत्तरही मीच वाचू का?"
हे यादीबाहेरचं, म्हणून धरलं नाही. सामना बरोबरीत.

१० मार्च, मंगळवार
दोष सापडला. पाकीट शोधण्यात वेळ जातो. यापुढे सगळ्या टोमण्यांना मिळून एकच उत्तर, सतत जिभेवर : "झालं तुमचं? आता दुसऱ्या कुणाचे तरी कान खा." दिवसभर मशीनच्या आवाजात घोकलं. त्या नादात कुणाची तरी डावी काच उजवीकडे बसली. मोठ्या कामात एवढं व्हायचंच.

१२ मार्च, गुरुवार
आज बाईंनी एकही टोमणा मारला नाही. मी तीनदा विनाकारण समोरून गेलो, एकदा काचही पाडली. त्यांनी वाकून उचलून दिली. नक्की काहीतरी डाव आहे.

१३ मार्च, शुक्रवार, संध्या. ६
जमलं! जमलं! जमलं!
निरोपाचा चहा. मालक दोन शब्द बोलले. मग बाई उठल्या आणि थेट माझ्याकडे वळल्या. मी जीभ सरसावून तयार. म्हणाल्या, "या भाऊंना मी अकरा वर्षं वाट्टेल ते बोलले. त्यांनी कधी मनात ठेवलं नाही. असं माणूस होतं म्हणून रोज इथं यावंसं वाटलं."
शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच मी, "झालं तुमचं? आता दुसऱ्या कुणाचे तरी कान खा."
अर्धा सेकंदही नाही! बाई निरुत्तर. मालक निरुत्तर. फ्रेम बघत असलेलं गिऱ्हाईकही निरुत्तर. बाई पर्स उचलून मुकाट्यानं निघून गेल्या.

रात्री ८
बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, बाई नेमकं काय म्हणाल्या ते पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलं. अर्ध्यावर माझ्याच लक्षात आलं, की तो टोमणा नव्हता. जेवण गेलं नाही.

१६ मार्च, सोमवार
काउंटरवर आता मालक स्वतः बसतात. कामापुरतं बोलतात. मला कुणीच काही म्हणत नाही. सकाळपासून मला रडू येतंय आणि काचा पुसायचं फडकं एकच आहे.
अकरा वाजता उत्तर सुचलं. शुक्रवारी द्यायचं होतं ते, खरं. धीर सुटायच्या आत बाईंना फोन लावला. उचलल्याबरोबर एका दमात बोलून टाकलं : बाई, माझं चुकलं, तुमचं बोलणं ऐकायलाच तर मी यायचो, तुमच्याशिवाय दुकान खायला उठतं.
पलीकडे शांतता. एक सेकंद. दोन. तीन. अकरा वर्षांत पहिल्यांदा बाईंना उत्तर सुचत नव्हतं!
मग आवाज आला, "आई आंघोळीला गेलीय. काय निरोप देऊ?"
मी म्हटलं, "चष्मा तयार आहे म्हणून सांगा."