भोपळ्यावरची आखणी

१२ जून, गुरुवार
नि. फर्स्ट शिफ्ट करून आला तो डबा ओट्यावर आपटूनच. "अंडी बघितलीस का भरताना?" नव्हती बघितली. पहाटे साडेपाचला नवऱ्याचा डबा भरताना कोण अंड्यांचं तोंड बघतं? काल दुपारी हात बसावा म्हणून दोन अंड्यांवर डोळे काढले होते, मग परत फ्रीजमध्ये ठेवली. तीच उकडली गेली. रंग पक्का, उकळत्या पाण्यात पण जागचा हलला नाही. याने कँटीनमध्ये डबा उघडला तर दोन्ही अंडी याच्याकडे टक लावून. अख्खी शिफ्ट हसली म्हणे, आणि आता त्याला तिथे कोणी नावाने हाक मारत नाही. मग काय म्हणतात? ते सांगत नाही.
वाईट वाटलं. पण त्यातला एक डोळा खरंच सुरेख जमला होता आणि हा बाबा तो सोलून खाऊन आला.

१४ जून, शनिवार
दादाचा पेणहून फोन. बाबांचा हात थरथरतो. पहिल्यांदा वाटलं चहा जास्त झाला असेल, पण या आठवड्यात तीन मूर्तींचे डोळे काढून पुसले आणि चौथीसमोर नुसते बसून राहिले. बाबांनी आयुष्यात डोळा पुसलेला मी पाहिला नाही.
आमच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी बाबांशिवाय कोणी केलेली नाही. दादा साच्यात आणि ऑर्डरीत. मी लग्नाआधी बारा वर्षं दागिने रंगवले, पितांबरं केली, नखं केली. नखं! उंदराचे डोळे करायला मिळायचे, ते पण बाबा नंतर येऊन तपासणार.
म्हणून हा अंड्यांचा उद्योग. कोणाला सांगितलेलं नाही. नि.ला वाटतं छंद आहे. असू दे.

१६ जून, सोमवार
कागदावर काही उपयोग नाही. कागद सपाट. मूर्तीचा चेहरा गोल, ब्रश वळणावर घसरतो. अंडं फार लहान, करंगळी टेकवायला जागा नाही. करंगळी गालावर टेकली नाही तर हात हवेत आणि रेघ गावाला.
नि.च्या मामांनी कोलाडहून तांबडा भोपळा पाठवलाय. पाच किलो तरी असेल. मस्त गुळगुळीत, गालासारखा गोल.
सासूबाई (सा.बा.) दुपारी झोपतात दोन ते साडेतीन.

१७ जून, मंगळवार
भोपळ्याला पांढऱ्या रंगाचा हात दिला, वाळवला, त्यावर अंगरंग, मग आखणी. उजवा डोळा एका दमात. डाव्याला तीनदा बसले. एक डोळा कोणीही काढेल, घोडं अडतं ते दुसऱ्यापाशी. तो पहिल्यासारखा पण उलटा, आणि दोघांनी मिळून एकाच जागी बघायला पाहिजे. शेवटी जमला. मागे सरून बघितलं. भोपळा बघत होता.
तेवढ्यात बेल वाजली, कुरिअर. सही करून आले तर सा.बा. उठून स्वयंपाकघरात. हातात पाण्याचा तांब्या, समोर भोपळा.
"काय गो हे?"
मी म्हटलं भोपळा.
"भोपळा हाय ते दिसतंय मला. माझ्याकडं का बघतोय तो?"

१८ जून, बुधवार
आज भोपळ्याची भाजी होती. होती म्हणजे ठरली होती.
सा.बां.चा नियम, अख्खा भोपळा बाईने फोडायचा नाही. पहिला घाव पुरुषाचा, मग बायकांनी विळी लावायची. तर नि.ला बोलावलं. तो आला, सुरी उचलली, भोपळ्याकडे बघितलं, सुरी ठेवली. "मला नाय जमणार आई. ड्युटीवर जायचंय, उगाच कशाला." केमिकल कंपनीत रिअॅक्टरसमोर उभा राहतो हा माणूस!
मी म्हटलं डोळे पुसून टाकते. सा.बा. अंगावर आल्या. "काढलेले डोळे पुसतात होय? गणपतीवाल्याची पोर ना तू?"
आता याला काय म्हणायचं? कापायचा नाही, पुसायचा नाही. पिठलं केलं.

१९ जून, गुरुवार
भोपळा ओट्यावर. सा.बा. त्याच्याकडे पाठ करून पोळ्या लाटतात, त्यामुळे पोळ्या वाकड्या, त्याचा दोष मला.
शेजारच्या नजमाभाभी पुदिना द्यायला आल्या. त्यांचे मिस्टर कुवेतला, अकरा वर्षं घरातली सगळी पुरुषांची कामं ह्याच करतात. म्हणाल्या, "द्या इकडे, मी फोडते, त्यात काय!" सा.बां.नी विळी सरळ पाटाखाली सरकवली. मग भाभींनी भोपळ्याचं तोंड भिंतीकडे केलं. झालं काम.
दहा मिनिटांनी सा.बा. म्हणाल्या, "भिंतीकडं तोंड करून बसलेला बरा नाय वाटत गो." पुन्हा फिरवला.

२२ जून, रविवार
बाबांना फोन केला. धीर करून सांगितलं, बाबा, मी येते, यंदा आखणी मी करते. जोरात हसले असते तरी चाललं असतं. हसले नाहीत. म्हणाले, "जोहे गावचा एक कारागीर सांगून ठेवलाय. तू तुझं घर सांभाळ."
मी म्हटलं दादाला मिसरूड फुटायच्या आधी जवळ बसवून शिकवत होतात. तो दर वेळी उठून पळायचा. मी न बोलावता बसायचे. मला का नाही शिकवलंत?
"तू जाणार होतीस."
"रोह्याला आले बाबा. चंद्रावर नाही गेले."
फोन ठेवला त्यांनी. की मी ठेवला. रडले नाही, भांडी घासली. नि. म्हणाला इतकं काय त्यात, मोबाईलवर बघून लोक काय काय शिकतात. त्याच्याशी बोलत नाहीये.
मला दुसऱ्या कोणाकडून शिकायचंच नाही. मला बाबांनी हातात ब्रश द्यायला हवाय. एवढं साधं आहे, आणि घरात एकाला कळेल तर शपथ.

२६ जून, गुरुवार
भोपळ्यापुढे जास्वंद.
मी विचारलं, आई, हे फूल? म्हणाल्या, झाडावरून पडलेलं, कुठेतरी ठेवायला पाहिजे ना. आमचं जास्वंदीचं झाड मागच्या दारी. भोपळा स्वयंपाकघरात. फूल स्वतःच चालत आलं बहुतेक.
भिशीच्या बायका पण आल्या होत्या. दारातून आत आल्या आल्या सगळ्या ओट्याकडे. सा.बा. वैतागल्यासारखं दाखवत, "काय सांगायचं, सूनबाईचे उद्योग. पापड कर म्हटलं तर हात दुखतो हिचा." आणि लगेच, "जवळून बघा की, पापणी बघा." मोबाईल काढून फोटो पण काढत होत्या. मी आत चहाच्या आधणापाशी उभी. माझ्या तोंडावर एक चांगला शब्द बोलतील तर ना.

१ जुलै, मंगळवार
भोपळा खालून मऊ पडला. वास. चिलटं. मी म्हटलं आता तरी फेकते. सा.बा. म्हणाल्या कचऱ्याच्या गाडीत? डोळे उघडे ठेवून? मग ठरलं, कुंडलिकेत सोडायचा.
नि.ची सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळी दहाला आम्ही दोघं गाडीवर. मी मागे, मांडीवर पिशवी, पिशवीतून भोपळा बघतोय. वरून रिपरिप. नदीवर कपडे धुणाऱ्या दोन बायका. त्यातली एक म्हणाली, "ह्या वर्षी लवकर बसवलात काय?" नि.ची मान खाली ती वर येईना. भोपळा पाण्यात टाकला तर बुडेना. तोंड वर करून, आमच्याकडे बघत बघत गेला पुलाखालून. त्या बाईने हात जोडले. मला इतकं हसू आलं की दगडावर बसले. मग नि. पण हसला. नऊ दिवसांनी बोललो आम्ही.
येताना वडापाव. घरी सांगितलं नाही.

३ जुलै, गुरुवार
दुपारी बाबांचा फोन. बाबा स्वतःहून कधी करत नाहीत, वाटलं काहीतरी झालं. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. पहिलं वाक्य:
"डावा अर्धा गहू वर गेलाय."
मी म्हटलं काय डावा?
"भोपळ्याचा. आणि पापणीला शेवटी झटका दिलास, तिथं हात उचलायचा नसतो, सोडायचा असतो."
तुम्हाला कोणी दाखवला भोपळा? तर म्हणे विहिणीने फोटो पाठवले. सात फोटो. एक बाजूने, एक वरून, एक जास्वंदीसकट.
सा.बा.! माझ्या सासूबाई! ज्यांना फोटो पाठवता येत नाही म्हणून मी रोज त्यांच्या बहिणीला गुड मॉर्निंग पाठवते!
विचारलं तर म्हणाल्या, "मग काय करू? तुझ्या बापाला कळायला नको तू माझं घर कसं रंगवून ठेवलंयस ते? तक्रार केली मी." आणि तरातरा कपडे काढायला गेल्या. दोरीवरचे ओलेच कपडे काढून आणले.
अर्धा गहू, म्हणजे गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढा. मी पट्टी लावून फोटो बघितला. आहे वर. नीट बघितलं तर अर्ध्याहून जास्त आहे. म्हणजे बाबांनी कमी करून सांगितलं.

८ जुलै, मंगळवार
वाट्या. स्टीलच्या वाट्या उपड्या घालायच्या, काढायचं, पुसायचं, काढायचं. वाट्यांचे डोळे पुसलेले चालतात का असं सा.बां.ना विचारून घेतलं आधी. म्हणाल्या, वाटीला काय कळतंय. बरं.
आज एकवीस जोड्या काढल्या. चौदा फसल्या. नि. जेवायला बसला, वरण वाढलं, त्याने वाटी उचलून बुड बघितलं. आता रोज बघतो.
दादा म्हणाला जोह्याचा माणूस सोमवारपासून येतोय. बाबांनी मला ये म्हटलेलं नाही. येऊ नको पण म्हटलेलं नाही. नि. म्हणाला रविवारी जाऊन ये, मला सुट्टी आहे, भात मी लावतो. हा भात लावणार.

१३ जुलै, रविवार
पेणला गेले. सा.बा. सोबत. "मला पोहे घ्यायचेत" म्हणून आल्या. रोह्यात पोहे मिळत नाहीत जणू. हायवेच्या खड्ड्यांत सगळा रस्ता माझा उजवा हात धरून बसल्या. म्हटलं आई, हात अवघडला. "गप गो. आज आपटून घेशील कुठंतरी."
जोह्याचा कारागीर पण आलेला, सोमवारचा रविवारीच. चांगला माणूस, शांत. ब्रश पुसत बसलेला. बाबांनी दोन फुटी बैठी मूर्ती ओढून खिडकीजवळ घेतली, समोर पाट टाकला आणि मला म्हणाले, "बस."
बाबांचाच ब्रश. दांड्याला त्यांच्या बोटांनी खळगा पडलाय, माझी बोटं त्यात बसत नव्हती. करंगळी टेकली. श्वास धरला. उजवा डोळा काढला. पापणीच्या शेवटी हात सोडला, उचलला नाही. बाबा खाली वाकून बघत होते, त्यांचा श्वास माझ्या कानाशी. काही म्हणाले नाहीत. फसला असता तर म्हणाले असते.
डाव्यासाठी ब्रश भिजवला आणि लाईट गेली. बाहेर पाऊस असा काळा की चार वाजता खिडकीपाशी स्वतःचा हात दिसेना. अर्धा तास बसलो. दादा मोबाईलची टॉर्च लावून आला, बाबांनी हाकलला. टॉर्चवर आखणी नाही, सावली फसवते. पाचची गाडी गाठायची, पुढची थेट नाही. सा.बा. दारात छत्री उघडून, बंद करून, उघडून. मला ओरडावंसं वाटत होतं. बारा वर्षं नखं रंगवून आज डोळा हातात आला, तर तो पण एकच!
शेवटी उठले. जोह्याचा कारागीर बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, "ताई, तुम्ही निघा. सकाळी पाच मिनिटांत डावा मी करून टाकतो. मूर्ती बुधवारी जायचीय ना?"
बाबांनी त्या मूर्तीवर स्वतःच्या खांद्यावरचा पंचा टाकला.
"तिला हात लावू नका. ती आमच्या स्नेहलची हाय."
मी चपला शोधत होते, सापडेनात. समोरच होत्या.

१४ जुलै, सोमवार
नि. फर्स्ट शिफ्ट. सिलिंडर आज येणार म्हणाले, अजून नाही. कोलाडचे मामा-मामी जेवायला येतायत, येताना अजून एक भोपळा आणतायत. सा.बां.ची कंबर कालच्या खड्ड्यांनी धरलीय, मला एकटीला सोडायला तयार नाहीत आणि स्वतःला बसवत नाही. उद्या सकाळी सातची गाडी आहे, पण उद्या दुपारपर्यंत पाऊस असाच राहणार म्हणतात. दादाला विचारलं लाईट आली का. नाही आली. मी म्हटलं बुधवारी ज्यांची मूर्ती आहे त्यांना काय सांगायचं? तर म्हणाला, "ते आले होते सकाळी. बाबांनी सांगितलं, थांबा, डोळा रोह्याला गेलाय."