कावळे पलीकडच्या काठाला

प्रिय सुमन,

'प्रिय' लिहिलंय, हसू नकोस. आयुष्यभर 'अगं ए'वर भागलं, पण पत्र म्हटल्यावर वर काहीतरी लिहावं लागतं. परवा तुझ्या महिन्याच्या तिथीला गंगेच्या पलीकडं, तुझ्या माहेरच्या काठाला जाऊन आलो. तिथं जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

आधी दहाव्याचं सांगतो. तू तिथंच होतीस असं सगळे म्हणतात. मला तरी दिसली नाहीस. तुझा पिंड नव्या घाटावर मांडला होता. काय घाट केलाय! गुळगुळीत फरशी, स्टीलचे कठडे, ओळीनं दिवे. ज्या पिंपळाखाली तू हळदकुंकवाचं आणि नारळाचं दुकान मांडायचीस, तिथं आता गाड्या लावायचं मैदान आहे. काठावरच्या चिंचा रस्त्यात गेल्या. सावलीला उभं राहायचं तर खांबाची सावली, ती एका माणसालाही पुरत नाही.

बराच वेळ कावळा आला नाही. मग आपल्याकडं चालतं तेच सुरू झालं. बाईचा जीव कशात अडकलाय? ज्यानं त्यानं पुढं होऊन शब्द द्यायचा. पालमहून आलेली आपली रेखा हात जोडून म्हणाली, "आई, वहिनीसंगं आता भांडणार न्हाई." कावळा नाही. तुझा भाऊ दत्तू म्हणाला, "आक्का, दिवाळीची साडी तुझ्या लेकीला नेसवतो." कावळा नाही. मग डोकं भादरलेला आपला संतोष पिंडापुढं बसला.

"आई, बाबाला एकट्याला हितं ठेवणार न्हाई. पुण्याला नेतो. शब्द हाय माझा."

सगळे आभाळाकडं बघत राहिले. ऊन चढलं, फरशीवर पाय ठेववेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो.

तेराव्यानंतर त्यानं माझी पिशवी भरायला घेतली. मी काय म्हणालो असेन, ओळख बरं? म्हणालो, "अरे, तुझ्या आईला मान्य असतं तर कावळा नसता का शिवला?" त्यानं भरलेले कपडे परत काढून ठेवले आणि एकटाच गेला.

हा डाव मी तुझ्याकडूनच शिकलो, बाई! कुणाला नाही म्हणायचं असलं की तू म्हणायचीस, "आमचे हे नको म्हणतेत." भिशीला नको, लग्नाच्या पंगतीला नको, उसनी साखर द्यायला नको, सगळं मीच नको म्हणायचो. आठवतं का, घाटाचं काम निघालं तेव्हा मुकादम दुकान हलवा म्हणून सांगायला आला होता? तू त्याला सांगितलंस, "आमचे हे लय तापट हायत, इचारून सांगते." विचारलंस कधी? मी आपला मुक्कामाच्या गाडीची ड्यूटी करून घरी झोपलेलो. सगळी टपरीवाली मंडळी उठली, तरी तुझं दुकान पिंपळ पडेपर्यंत तिथंच. घाटावरची माणसं मला बघून वाट सोडायची आणि मला कळायचं नाही, मी असं केलं तरी काय! एसटीत कंडक्टर होतो मी. म्हाताऱ्या बाईच्या मांडीवरच्या कोंबडीचं तिकीट मागायला मला लाज वाटायची, आणि गावात नाव तापट माणूस.

तेव्हा म्हटलं, एवढे नकार तू माझ्या नावावर खपवलेस, एक मी तुझ्या नावावर खपवला तर काय बिघडलं?

पण बिघडलं. संतोष पूर्वी रोज फोन करायचा, तो आता आठवड्यानं करायला लागला. मागच्या वेळी सूनबाईनं फोन घेतला आणि हळूच म्हणाली, "बाबा, ते रात्री जेवत न्हाईत नीट. म्हणतेत, आईनं माझा शब्द घेतला न्हाई. माझ्यावर नाराज होऊन गेली." तू असतीस तर तुझ्या हातात फोन दिला असता.

घर फार शांत झालंय गं. पूर्वी एसटी घाटावरच थांबायची, माणसं उतरून दारावरून जायची. कुणी पाणी मागायचं, कुणी तुझ्याकडून नारळ घ्यायचं. आता सगळ्या गाड्या नव्या पुलावरून वरच्या वर परभणीला जातात. दारात बसलं की पुलावरून जाणाऱ्या गाड्यांच्या काचा चमकताना दिसतात. आतली माणसं दिसत नाहीत. चहा मी अजून दोघांचाच टाकतो, आणि दोन्ही कप मीच पितो.

ह्या पुलाला तू किती नावं ठेवलीस! "पूल झाला तर दत्तूची बायको रोज डोक्यावर येऊन बसंल." माहेरला जायचं तर नावेतून, एका हातानं पदर आणि एका हातानं माझी बाही धरून. पुलावरून तू गेलीस ती दवाखान्याच्या गाडीतून, डोळे मिटलेले. परत आणलं तेही त्याच पुलावरून. एकदाही तुला तो बघायला मिळाला नाही.

तर परवाचं. दत्तूनं आदल्या दिवशी फोन केला. "दाजी, कावळे तिकडं कुठं येतेत? तुमची झाडं गेली तवापासून समदे आमच्या स्टॉपच्या बाभळीवर हायत. घास हिकडं घेऊन या." मला हे सुचलंच नव्हतं. बाकी कुणालाही सुचलं नव्हतं. आम्ही सगळे तुझ्या मनात काय राहिलं ते शोधत बसलो, आणि झाड कुठं राहिलं ते कुणी बघितलंच नाही.

सकाळी वरण-भात केला. भात गिचका झाला, वर तूप जरा जास्त सोडलं म्हणजे कळणार नाही. तुझ्या आवडीचा ठेचाही घेतला. वर पुलापर्यंत चालत गेलो आणि डबा मांडीवर घेऊन गाडीत बसलो. पुलावर आल्यावर खिडकीतून खाली बघितलं. आपला घाट, मैदान, आणि त्याच्या कडेला आपलं घर. वरून एवढंसं दिसतं.

पलीकडं स्टॉपवर उतरलो. दत्तू बाभळीखाली उभाच होता. पत्रावळ मांडली. काय शब्द द्यायचा ते मी रस्ताभर ठरवत आलो होतो. पण मी हात जोडायच्या आत एक कावळा उतरला आणि त्यानं घास उचललासुद्धा. त्याच्यामागं चार आले. तुझा ठेचाही ठेवला नाही.

"आक्काला भूक लागली व्हती," दत्तू म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला.

खरं सांगू? मला वाईटच वाटलं. तू काहीच मागितलं नाहीस. मला वाटत होतं, दुसऱ्या कशात नाही तरी माझ्यात थोडा जीव अडकला असेल तुझा. येताना गाडीत रिकाम्या डब्याला धरून रडलो. कंडक्टर पोरगा होता. त्यानं तिकीट दिलं आणि गुमान पुढं गेला. चांगलं शिकवलंय त्याला कुणीतरी.

आता शब्द देतो. कुणी मागितलेला नाही, तरी देतो. हे पत्र संपलं की संतोषला फोन करीन. पहिलं सांगीन, आईनं घास घेतला, लगेच घेतला, तुझ्यावर ती कधीच नाराज नव्हती. दुसरं सांगीन की हात चालताहेत तोवर मी पुण्याला येत नाही. तिथं सुख आहे, पण तिथं तुला ओळखणारं कोण आहे? इथं अजून कुणी ना कुणी येऊन विचारतं, पिंपळाखालच्या बाई कुठं गेल्या. ते सांगायला मी इथं लागतो.

आणि हे सांगताना तुझं नाव मध्ये घेणार नाही. ज्याच्या नावावर नकार खपवावा असं माणूस तुला होतं. मला आता नाही. माझं नाही मलाच म्हणावं लागेल.

तुझा,
'आमचे हे'