श्रीयुत ठोंब्या

ती. ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकता येत नाही, कारण पुढे येईलच, तूर्त मनानं वाकलो असं समज).

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला आणि त्यावरची तुझी बडबड, दोन्ही सुरूच असेल. मला नातू झाल्यावरच्या पहिल्याच पत्रात तू मला 'श्रीयुत' लिहिलंस, वर 'अहो आजोबा' म्हणालीस. या घराण्यात एकदाचा मला मान मिळाला. बायकोला पत्र मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं.

आता कंबरेचं सांगतो. लोक हाक मारतात तसा माणूस होत जातो, असं चष्म्याच्या दुकानात जन्म काढल्यावर माझं मत झालंय. 'दादा' म्हणायचे तेव्हा मी शेजाऱ्यांची कपाटं उचलून द्यायचो. 'काका' सुरू झालं तसा न विचारता सल्ले देऊ लागलो (सुनेला विचार). परवा एक बाई नंबर तपासायला आल्या. माझ्याहून मोठ्या, केस पांढरेशुभ्र. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर चुकल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, तक्ता जरा जवळ आणा की." ज्यांना वीतभर अक्षर दिसत नाही त्यांना मी आजोबा दिसलो, हे मनाला लावून घ्यायचं काही कारण नव्हतं. मी घेतलं. फ्रेमा समोरच्या काचेत ढीगभर होत्या, तरी मी माळ्यावरची काढायला शिडी चढलो, तीही हातानं न धरता. वर दिमाखात पोचलो आणि कंबर धरली. खाली उतरवायला शेजारचा शिंपी आला. "सावकाश हं, आजोबा," म्हणाला. (हा शाळेत माझ्याच बाकावर बसायचा.) एवढ्यात बाईंनी तपासणीच्या काचांतून मला नीट न्याहाळलं आणि त्या म्हणाल्या, "आजोबाच की."

डॉक्टरांनी पट्टा दिलाय. काळजी नसावी.

तुझा,
श्रीयुत भाऊ

ता.क. खरं सांगतो, तो मान मला पचला नाही. आई गेल्यापासून मला ठोंब्या म्हणणारी तू एकटीच उरलीस. तूही 'अहो' म्हणायला लागलीस तर मी लहान कुणापुढे व्हायचं? ते 'श्रीयुत' परत घे.

आणखी एक. तुझ्या पत्रातल्या ओळी हल्ली एकमेकींवर चढतात. नंबर वाढलाय, दुकानात ये. गिऱ्हाइकांसमोर मात्र ठोंब्या म्हणू नकोस.

शेवटचं. म्हण. शिंप्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हण.