नियम: पुष्पा राठोड

यवतमाळ,
१२ जानेवारी २०२५

प्रिय पुष्पा,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मारेगावला थंडी जास्त असेल. माझी तब्येत ठीक, जीभही अजून तशीच.

एक बातमी सांगायची आहे. शेजारच्या गफ्फारभाईंची फिजा ग्रंथालयांसाठी खुलं, कुणीही दुरुस्ती सुचवू शकेल असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटात आहे. आपण दोघींनी नोकरी केली त्या लायब्ररीतही तेच बसवलंय. मागे तिथल्या नव्या बाईंनी चुकून बाराशे पुस्तकांच्या नोंदी पुसल्या आणि दोन दिवस रडल्या. नोंदी परत आणायची कमांड होती. पण पुसण्याच्या कमांडच्या माहितीपानावर तिचा उल्लेखच नव्हता. परत आणण्याच्या पानावर मात्र तळाशी ऐटीत लिहिलेलं: 'हेही पहा: पुसणे.' अरे, ज्याच्या हातून पुसलं गेलं त्याला परतीची वाट कोण दाखवणार?

मी फिजाला फैलावर घेतलं. म्हणाली, "काकू, तळाचं कोणी वाचत नाही."

"वाचण्यासारखं तुम्ही तिथे काही ठेवत नाही, म्हणून."

"मग तुम्हीच करून द्या ना."

तिला वाटलं, म्हातारी गप्प बसेल. मी एकशे अठरा पानं छापून घेतली, प्रत्येक कमांडचं एक कार्ड केलं आणि जेवणाच्या टेबलावर मांडलं. त्रेचाळीस संदर्भ एकतर्फी निघाले. सहा तर आंधळे: ज्या पानाकडे बोट, ते पानच नाही. सगळे दुरुस्त केले. गटातल्या कुणा साहेबाने माझ्या इंग्रजीतला एक स्वल्पविराम काढला. तो मी कारणासकट परत लावायला लावला. कॉन्व्हेंटमध्ये पट्ट्या उगाच नाही खाल्ल्या.

सगळं मान्य झाल्यावर फिजाने विचारलं, "काकू, दोन्हीकडून संदर्भ द्यायचा हा नियम कुणाचा?"

'माझा' हे जिभेवर आलंच होतं, पुष्पा. पण तुझे लायब्ररीतले पहिले दिवस आठवले.

तू नवीन होतीस. विषयसूचीतल्या 'कापूस'च्या कार्डावर 'हेही पहा: वस्त्रोद्योग' लिहून मी हात झटकले. तू म्हणालीस, "मॅडम, इकडून जाणाऱ्याले वाट दाखवली, अन् तिकडून येणाऱ्यानं काहून भटकावं?" त्या दिवसापासून आपली सगळी कार्डं दोन्हीकडून बोलू लागली.

आणि माझ्या निरोप समारंभात, खांद्यावर शाल घेऊन, मी तो नियम माझा म्हणून सांगितला. तू दुसऱ्या रांगेत होतीस. चहा न घेता निघालीस. मी पाहिलं होतं. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, पुष्पाच फोन करत नाही.

फिजाला मी खरं सांगितलं. आता त्या माहितीपानांच्या शेवटी छापलंय: 'नियम: पुष्पा राठोड, मारेगाव. दुरुस्ती: ममता वानखडे.' या ओळीचा मला जेवढा अभिमान आहे, तेवढा त्या शालीचा कधी वाटला नाही.

माझ्या पानावर तुझं नाव लिहून झालं. तुझ्या पानावर माझं लिहायचं की नाही, ते तू ठरव. नाही लिहिलंस, तर हा एक संदर्भ एकतर्फी राहील, आणि तो दुरुस्त करण्याचा हक्क मला नाही.

तुझी (आता मॅडम म्हणू नकोस),
ममता