झेंड्याच्या आतून

प्रिय सर,

तुम्ही होतात तेव्हा दहा वर्षं तोंड उघडलं नाही, आणि आता पत्र लिहितेय. काल तुमच्या तेराव्याला काकूंनी तुमची टेस्टची वही माझ्या हातात ठेवली. "तू पीटीची बाई झालीस, तूच ठेव," म्हणाल्या. सुरगाण्याच्या बसमध्ये ती उघडली आणि माझं पान सापडलं.

अठ्ठ्याण्णव साल, मी अकरावीत. नाशिकचं आपलं मैदान, चारशे मीटरची फेरी, चार कोपऱ्यांना चार झेंडे. बारा मिनिटं पळायचं, अंतर मोजायचं, त्यावरून प्रत्येकीचा वेग काढायचा. माझे तीन हजार मीटर भरले. केवढे खूश झालात! "पोरी, ताशी पंधरा किलोमीटर! आता सराव याच वेगाने."

खरं सांगू? तुमची नजर घड्याळावर होती आणि लांबच्या झेंड्याच्या मी दर फेरीला आतून जात होते. आमच्याकडे घाटात रस्ता वळला की माणूस आडवाटेने उतरतो, वळणावळणाने जाणाऱ्याला लोक हसतात. पहिल्या फेरीला पाय आपोआप वळले. दुसरीपासून मात्र मला कळत होतं.

मग काय! सरावाला झेंड्यांच्या बाहेरून पूर्ण चारशे मीटर शहाण्णव सेकंदांत, पुन्हा पुन्हा. तिसऱ्याच वेळी मी एकशे दोनवर यायचे आणि कडेला बसून ओकायचे. "नाटकं बंद कर!" तुम्ही ओरडायचात. "लय दमले सर, नाय जमत," एवढंच मी म्हणायचे. आणि तुम्ही तरी कसे हो? एकदा पुन्हा टेस्ट का नाही घेतलीत?

पुढच्या वर्षी तुम्ही ती टेस्टच बंद केलीत. मला वाटलं, चला, सुटले.

वहीत माझ्या आकड्याखाली तुमच्या अक्षरात लिहिलंय, "मुलीला उगाच दमवलं. माझी पद्धत चुकली." त्यापुढची सगळी पानं कोरी आहेत. बसमध्ये मला रडू आवरेना.

सर, तुमची पद्धत बरोबर होती. मी खोटं पळाले.

येत्या रविवारी मैदानावर येते. आधी काकूंना सगळं सांगेन, मग घड्याळ त्यांनाच धरायला लावेन. चारही झेंड्यांच्या बाहेरून पळेन. अंगावर वजन चढलंय, आकडा हसण्यासारखाच येईल. पण तुमच्या ओळीनंतरच्या कोऱ्या पानावर तोच पहिला लिहीन, आणि त्याखाली माझ्या शाळेतल्या पोरींचे.

तुमची,
हिरा