पहिले दोन फूट

४ ऑक्टोबर
विहीर मोजली. पाणी काठापासून एकोणीस फूट खाली. गावाच्या वहीत लिहिलं.

आठवडाभर पाऊस नुसता कोसळला. लोह्याचा रस्ता दोन दिवस बंद. नळावर सुमनबाई हसली — "एवढं पडलं, आता काय मोजायलीस गं बाई? समुद्र हाय का त्यो?" पण हे म्हणायचे, आता पाऊस मुरत नाही, चार दिवसांत पडतो आणि ओढ्याने निघून जातो. म्हणूनच मोजायचं.

हे गेले त्याला अकरा महिने झाले. गावाचं पाणी मोजायचं काम यांचं, आता माझं. टेप तोच, टोकाला बांधलेला दगड तोच. रोज सांजेला "विहिरीवर जाऊन येतो" म्हणून निघायचे. त्या वेळेला घर खायला उठतं.

येताना सिंधू दिसली, ग्यानोबांची बायको. मान फिरवली तिनं. मीही फिरवली! गावाचा ठराव आहे — पाणी तीस फुटांवर गेलं की विहिरीजवळच्या शेतांतल्या मोटारी बंद, उरलेलं फक्त प्यायला. दोन वर्षांमागे मार्चातच यांनी तीस लिहिले. पहिली बंद झाली ग्यानोबांची मोटार. उन्हाळी भुईमूग उभा वाळला. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. यांच्या मातीलाही ग्यानोबा लांब, लिंबाखाली उभे होते.

११ ऑक्टोबर
नांदेडच्या भूजल ऑफिसातून आरती आली, नवा स्टीलचा टेप घेऊन. पोरगी हुशार. माझ्या टेपनं मोजलं — एकोणीस. तिच्या टेपनं — सतरा. तीनदा मोजलं.

"काकू, तुमच्या टेपला सुरुवातच नाही हो!"

खरंच. पहिले दोन फूट तुटलेले. दगड बांधलाय तो दोनच्या आकड्यावर. मी आपली काठावरचा आकडा वाचत आले. खालचं टोक कधी बघितलंच नाही! चाळिशीत दुकानांच्या पाट्या बघत वाचायला शिकले, केवढा अभिमान त्याचा.

आरती म्हणाली, "चुकून झालं असेल. ग्रामसभेत दुरुस्ती सांगून टाका."

१२ ऑक्टोबर
चुकून नाही.

यांच्या कोटाच्या खिशात छोटी वही निघाली. पेन्सिलीनं दर महिन्याला दोन आकडे. एक गावाच्या वहीतला. दुसरा दोनने कमी, आणि पुढं लिहिलंय — "खरं". सात वर्षं!

म्हणजे ग्यानोबांची मोटार बंद केली तेव्हा पाणी अठ्ठावीसवरच होतं.

१३ ऑक्टोबर
फोटोशी भांडले. मला तरी सांगायचं होतं.

१७ ऑक्टोबर
ग्यानोबांची मोटार बंद झाली त्या वर्षीचा मे आठवतोय. शेजारच्या दोन्ही गावांत टँकर. बायका भांडी घेऊन उन्हात, पोरांच्या शाळा बुडाल्या. आपल्याकडे टँकर आला नाही. शेवटचे वीस-बावीस दिवस गाव कशावर निघालं? आता कळतंय. याच दोन फुटांवर.

खरं सांगावं तर मोटारी आणखी दोन फूट ओढणार, आणि यांचं नाव जाणार. भांडण झालं की लोक म्हणायचे, "चला, त्यांच्या वहीत काय लिहिलंय बघू." आपल्या वस्तीतल्या माणसाच्या वहीवर सगळं गाव विश्वास ठेवतं, याला कमी वर्षं लागली नाहीत.

गप्प बसावं, तर यापुढचं खोटं माझ्या अक्षरात.

२६ ऑक्टोबर
सांगितलं. ग्रामसभेत उभी राहिले, दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या, सगळं सांगितलं. मग मीच म्हणाले, "ते दोन फूट आता उघड ठेवू. मोटारी अठ्ठावीसला बंद करायचा ठराव करा."

कोण ऐकतंय! भीमाशंकर पाठीमागून ओरडला, "सात वरसं येड्यात काढलं की आम्हाला! अन् आमी त्यांच्या नावानं शपथा घ्यायलोत!" दुसरा कुणी — "ग्यानोबाचा भुईमूग भरून द्या आधी!" सगळे ग्यानोबांकडे बघायला लागले. ते खाली मान घालून चप्पल चाचपत बसले. सिंधू पदर सावरून उठून गेली.

ठराव पंधरा दिवस पुढं ढकलला.

२८ ऑक्टोबर
नळावर कुणी बोललं नाही. सुमनबाईसुद्धा!

२ नोव्हेंबर
यांचं वर्ष. विहारात वंदना झाली, खीरदान झालं. वस्तीतले सगळे आले. गावातून फक्त तिघं. गेल्या साली मातीला पाय ठेवायला जागा नव्हती.

मीच केलं हे.

९ नोव्हेंबर
ठराव झाला. अठ्ठावीस!

मतं घ्यायच्या आधी ग्यानोबा उठले. "टेपचं टोक माझ्या शेळीनं खाल्लं व्हतं. वहिनी, तुमचे मालक नवा मागवायला निघाले, तर मीच म्हणलो, राहू द्या तसाच. दोन फूट गावाला म्हाईत नसलेलं बरं. माझा भुईमूग वाळला तवाबी मला म्हाईत व्हतं. मागच्या सभेत जीभच उचलली न्हाई." भीमाशंकर म्हणाला, "मग एवढं भांडलात कशाला, मामा?"

"भांडलो कुठं? संशय नको म्हणून तसं दाखवलं. रोज सांजच्याला आमी दोघं माझ्या मळ्यात बसून च्या प्यायचो, वहिनी. त्ये जाईस्तोवर."

आणि सिंधूला? तिलाही काही ठाऊक नव्हतं. दोन वर्षं आम्ही दोघी मान फिरवत राहिलो.

आत्ता दाराशी आलीय. हातात चहाची किटली.