अमरावतीहून आणलेलं दार

आबा, मी आता लिहायला शिकले आहे. नातवाच्या मागे बसून त्याच्याच पाटीवर अक्षरं गिरवली, आणि पहिलं काही मोठं लिहावं असं वाटलं तेव्हा तुम्हीच डोळ्यांपुढे आलात. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की तुमचा आवाज आठवायला मला थांबावं लागतं. पण कापसाच्या तेजीत तुम्ही घराचं तोंड बदललंत, ते मात्र सगळं लख्ख आठवतं.

साहेबांच्या मुलखापलीकडे कुठं लढाई पेटली होती म्हणे, आणि दर्यापुराकडच्या आपल्या काळ्या रानातला कापूस मुंबईचे व्यापारी गावात येऊन उचलत होते. माझं लग्न जमवायचं होतं. तुम्ही मातीचा ओटा खणून काढलात, घडीव दगडाच्या पायऱ्या बसवल्यात, समोरच्या भिंतीला चुना दिलात. आई म्हणाली, चुलीवरचं छप्पर गळतं, आधी ते पाहा. तुम्ही हसून म्हणालात, "पाहुना समोरून येते. मांगचं कोन पायते?" मग अमरावतीहून ते दार आलं. तिथलं एक जुनं घर पाडून त्याचं लाकूड विकलं गेलं होतं. सागवानी फळ्या, पितळी फुलं, चौकटीवर वेल आणि दोन मोर. तुम्ही स्वतः त्याला तेल चोळायचात, आणि संध्याकाळी समोरच्या घरच्या ओट्यावर जाऊन बसायचात, आपलं घर तिथून कसं दिसतं ते पाहत.

मला बघायला अमरावतीची माणसं आली, तो दिवस. बायका अशा कामाला येत नसत, पण मुलाला वडील नव्हते म्हणून त्याची आई स्वतः आली होती. मी नवं लुगडं नेसून दाराआड उभी आहे. फटीतून त्यांचा हात दिसतो आहे, मोराच्या मानेवर ठेवलेला. त्या विचारतात, "हे दार कुठलं?" आणि तुम्ही, आबा, खुशीत येऊन सांगता, "तुमच्याच गावचं. एका बुडालेल्या घरचं हाय. घरात भाकर नोती, पन दारावर मोर नाचत होते!"

मी हसले. तोंडावर पदर धरायच्या आत हसले. त्यांनी दाराकडे, म्हणजे माझ्याकडेच, पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "माहं माहेर हाय ते."

तुमचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. तुम्ही आत या, आत या म्हणत राहिलात. त्या पायरीवरच बसल्या, दोन घोट पाणी प्यायल्या आणि गाडी जुंपायला सांगून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दार उतरवून गाडीत घातलंत आणि अमरावतीची वाट धरलीत. दाराच्या जागी गोणपाट लटकत होतं आणि गल्लीतले लोक उगाच येऊन "काहून, काय झालं?" विचारत होते. तुम्ही परत आलात ते दार घेऊनच. पुन्हा ते बसवलंत, आणि म्हणालात, लग्न ठरलं.

तिकडे काय झालं ते सासूबाईंनी मला फार उशिरा सांगितलं, कापसातली सरकी काढता काढता. त्या तुम्हाला म्हणाल्या होत्या, "दार लावू कुठं? ती जागा आता दुसऱ्याची." तुम्ही पागोटं काढून हातात धरलं होतंत. "पोरगी हसली ते माया बोलन्यावर हसली. तिच्यावर राग धरू नोका. काय बोलाचं ते मले बोला." एवढ्या लांब गाडी हाकत येऊन असं सांगणाऱ्याची लेक घरात असावी, असं त्यांच्या मनानं घेतलं.

म्हणून तर तुम्ही माझ्याकडे यायचात तेव्हा उभेच राहायचात. सासूबाई म्हणायच्या, "बसा ना इवाईबुवा." तुम्ही म्हणायचात, "असू द्या, इहीनबाई, उभाच बरा." मला वाटायचं, तुम्हाला रीतभात कळत नाही. शेजारणींसमोर मला तुमची लाज वाटायची, आबा. माझ्या हसण्याचं ओझं घेऊन तुम्ही तिथं उभे होतात, हे मला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा सांगायला तुम्ही नव्हतात. त्या दिवशी कापूस तसाच टाकून मी उठले आणि परसात जाऊन बसले. सासूबाईंनी मला कधीच काही बोलून दाखवलं नाही, आणि मी त्यांची माफीही मागितली नाही. आता त्याही गेल्या.

हा कागद कुणाच्या हाती देणार? चुलीत घालीन. पण त्याआधी एक सांगते. परवा माहेरी गेले होते. ते दार अजून पुढं तसंच आहे, मोरांसकट. भावानं विचारलं, "बाई, तू दरवेळी मांगून काहून येते?" मी म्हटलं, "गाय व्यायली म्हने, तिले पायाले." आबा, मागच्या गोठ्यात गाय नव्हतीच.